रीफ टाकीतलं शेवाळ: आधी ओळख, मग उपसा, औषध सगळ्यात शेवटी

खडकांवर हिरवे केस दिसायला लागले की पहिल्या दिवशी औषधाची बाटली येते. दुसऱ्या दिवशी डझनभर गोगलगायी येतात. आठवड्याभरात दिवे निम्म्यावर येतात. महिनाभराने, काहीच फरक पडला नाही म्हणून, कुणीतरी पाण्याची चाचणी करतं. हा क्रम नेमका उलटा आहे आणि शेवाळ परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच आहे.

हा लेख चालू रीफ टाकीसाठी आहे, म्हणजे प्रवाळ, मासे आणि खडक असलेली खाऱ्या पाण्याची टाकी. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. एका वेळी एकच बदल करा, त्याला दोन आठवडे द्या आणि मगच पुढचा करा. हट्टी शेवाळाला दोन-अडीच महिने लागतात. आठवड्यात टाकी चकाचक करण्याच्या नादात शेवाळापेक्षा प्रवाळ जास्त मरतात.

## तयारी

पहिला उपसा काढण्याआधी एवढं हाताशी हवं:

- नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीचे टेस्ट किट. फॉस्फेटचा किट कमी पातळी मोजणारा हवा. ज्या किटवर ० नंतर थेट ०.२५चा रंग येतो, तो रीफसाठी निरुपयोगी. जमलं तर डिजिटल कलरीमीटर घ्या.
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा).
- फक्त टाकीसाठीच वापरायच्या दोन बादल्या, साबण कधीच न लागलेल्या.
- कडक दातांचा नवा टूथब्रश, लांब चिमटा, बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक नळी आणि पाण्याचा फवारा मारायला मोठी रबरी पिचकारी.
- दोन-तीन जास्तीचे फिल्टर सॉक (पाण्यातली घाण अडवणाऱ्या कापडी पिशव्या).
- टाकीच्या १५ ते २० टक्के इतकं खारं पाणी, आदल्या दिवशी मिसळून ढवळत ठेवलेलं. क्षारता ३५ पीपीटी, तापमान टाकीइतकंच, म्हणजे २५-२६ अंश.
- जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.

सावधान: हातमोजे आणि चष्मा हौसेखातर सांगितलेले नाहीत. पॅलिथोआ आणि काही झोअँथिडमध्ये (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातेवाईक) पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ज्या खडकावर ते आहेत तो पाण्याबाहेर ब्रशने घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, तो उकळू तर मुळीच नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याचे प्रकार घडलेले आहेत. हाताला जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबा.

## टप्पा १: आधी ओळख पटवा

सगळं रामायण इथेच घडतं. एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकाराला खतपाणी घालतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई नको.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी. टाकी नवी असेल तर हे डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत आपोआप जातात. काच पुसा, बाकी हात लावू नका. जुन्या टाकीत अचानक आले तर आरओचं पाणी तपासा.

काचेवर हिरवट पापुद्रा. दर दोन-चार दिवसांनी पुसावा लागणं हे निरोगी टाकीचं लक्षण आहे. याला आजार समजू नका.

हिरवे केस. चिमटीत धरून ओढा. मऊ, लिबलिबीत आणि पाण्याबाहेर काढल्यावर ओल्या कापसासारखे गोळा होणारे असतील तर साधं केसाळ शेवाळ. भिंगाखाली प्रत्येक धागा पिसासारखा, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काड्या असलेला दिसला तर ते ब्रायोप्सिस. हा फरक फार महत्त्वाचा, कारण ब्रायोप्सिसला गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत आणि पोषणद्रव्यं कमी करूनही ते चिवटपणे टिकून राहतं.

हिरवे चकचकीत फुगे. व्हॅलोनिया. एकेक फुगा म्हणजे एकच पेशी, मग तो वाटाण्याएवढा असो की त्याहून मोठा.

लाल-जांभळी चादर. खाली बुडबुडे अडकलेले, टोक उचललं तर अख्खा पापुद्रा सुटून येतो. हे सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आणि ते शेवाळ नसून जिवाणू आहेत. शेवाळाची औषधं त्यांच्यावर चालत नाहीत.

तपकिरी शेंबूड. खडकावरून आणि प्रवाळांच्या टोकांवरून लोंबणाऱ्या तारा, तारांच्या टोकाला बुडबुडे. सकाळी दिवे लागायच्या वेळी कमी, संध्याकाळपर्यंत भरपूर. सोबत गोगलगायी मलूल होऊन पडत असतील तर डायनोफ्लॅजेलेट, म्हणजेच डायनो, असण्याची शक्यता दाट.

खडकाला चिकटलेला गुलाबी-जांभळा कडक थर. कोरलाइन शेवाळ. हे घासून काढणारी मंडळी असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. हा थर हवाच.

सायनो की डायनो, हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण सायनोही कधीकधी तपकिरी असतात. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. पिचकारीने थोडा शेंबूड ओढून टाकीच्याच पाण्यासकट झाकणाच्या बाटलीत घ्या. धागे पूर्ण मोडेपर्यंत बाटली जोरजोरात हलवा आणि कॉफीच्या कागदी फिल्टरमधून पाणी गाळा. गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात घालून तासभर दिव्याखाली ठेवा. डायनो असतील तर मघाशी फक्त पिवळट दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तपकिरी पुंजके आणि तारा जमलेल्या दिसतील. मोडलेले सायनो असे परत जुळत नाहीत.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर दुधात साखर. ४०० पटीला डायनोंपैकी ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचे आणि एका टोकाभोवती गरागरा फिरताना दिसतात. अँफिडिनियम लंबगोल असतात आणि सरळ सरकत जातात. दोघांचे उपाय वेगळे आहेत, ते टप्पा ७ मध्ये.

तपासणी: प्रकार नावानिशी वहीत लिहिता येतोय का? नसेल तर पुढे जाऊ नका. दोन प्रकार एकत्र असतील तर दोन्ही लिहा.

## टप्पा २: मोजा

सकाळी, मासे जेवायच्या आधी, नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. दोन दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम या पट्ट्यात बहुतेक मिश्र रीफ टाक्या सुखी असतात.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. खडक केसांनी भरलेत आणि फॉस्फेट मात्र ०.०२, अशी स्थिती असेल तर पाण्यात फॉस्फेट येत नाही असं नसतं. आलं की शेवाळ ते गिळतं, किटला उरलंसुरलं दिसतं. ही एक. दुसरी डायनोची: तिथे दोन्ही आकडे बहुधा खरोखरच शून्याजवळ असतात आणि तेच त्यांच्या वाढीचं कारण असतं. ओळख आधी पटवायची ती याचसाठी, एकच आकडा दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो.

मग येणारं पाणी तपासा. आरओ-डीआयनंतर (आरओमधून सुटलेले क्षार डीआयची रेझिन काढते) टीडीएस शून्य हवा. ४-५ दिसत असेल तर डीआयची रेझिन संपलेली आहे. रोज बाष्पीभवनाची भर याच पाण्याने घालता, म्हणजे रोज थोडं खत घालता. रेझिन न बदलता पुढचे टप्पे करणं म्हणजे निव्वळ अंगमेहनत.

## टप्पा ३: हाताने उपसा

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात, आणि हाच सर्वांत परिणामकारक आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाच्या अंगात साठलेले असतात. शेवाळ बाहेर गेलं की ते बाहेर गेले. तेच शेवाळ औषधाने टाकीत मारलं तर सगळं परत पाण्यात उतरतं आणि पुढच्या पिकाला मिळतं.

1. हीटर बंद करा. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. मग रिटर्न पंप (खालच्या फिल्टर-टाकीतून पाणी वर आणणारा) आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा) बंद करा.
2. नळीने टाकीचं पाणी पहिल्या बादलीत काढा. जे खडक सहज निघतात ते या पाण्यात बुडवून घासा. स्पंज असलेला खडक हवेत धरू नका, तो पाण्याखालीच हाताळा.
3. दुसऱ्या बादलीत स्वच्छ खारं पाणी. घासलेला खडक त्यात खळबळून मगच टाकीत परत.
4. न निघणाऱ्या खडकांसाठी टूथब्रशचं डोकं नळीच्या तोंडाला रबरबँडने बांधा. ब्रशने सुटलेला तुकडा लगेच नळीत ओढला जातो. वरून खाली या, उलट नको.
5. लांब झुपके बोटांनी मुळापासून ओढा आणि ओढतानाच नळीचं तोंड शेजारी ठेवा.
6. पंप सुरू करण्याआधी तरंगणारे तुकडे जाळीने गोळा करा. नवा सॉक लावा, पंप सुरू करा, पाणी भरून पातळी आली की हीटर सुरू करा. दुसऱ्या दिवशी सॉक काढून धुवा.

एका दिवशी टाकीच्या एक तृतीयांश भागापेक्षा जास्त हात घालू नका. खडकांतला गाळ एकदम उठला तर अमोनिया चढतो. आठवड्यातून एकदा, एकेक भाग, असं तीन आठवडे चालवलं की एक फेरी पूर्ण होते.

पंप चालू ठेवून टाकीतल्या टाकीत घासणं ही नेहमीची चूक. एका खडकावरचं शेवाळ त्याने दहा फ्रॅगच्या (प्रवाळाच्या छोट्या तुकड्यांच्या) प्लगवर, म्हणजे बैठकीवर, जाऊन बसतं. काढलेलं पाणी सॉकमधून गाळून परत घालायची युक्ती केसाळ शेवाळाला चालते, सायनो, डायनो आणि व्हॅलोनियाला नाही. तिथे ते पाणी फेकायचंच.

व्हॅलोनियाचे फुगे शक्यतो खडक बाहेर काढून, मुळाशी नख किंवा चिमटा घालून अख्खे सोडवा. टाकीत फुटला तर आकाश कोसळत नाही, पण नळी जवळच असू द्या.

हट्टी डागासाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण खडक पाण्याबाहेर असताना, ड्रॉपरने फक्त डागावर. तीन-चार मिनिटं थांबा, वेगळ्या खाऱ्या पाण्यात धुवा, मग टाकीत ठेवा. प्रवाळाच्या मांसावर थेंब पडू देऊ नका. पेरॉक्साइड थेट टाकीत ओतण्याच्या भानगडीत पडू नका, कोळंबी आधी जातात.

सावधान: काढलेलं शेवाळ नाल्यात, तळ्यात किंवा समुद्रात टाकू नका. उन्हात वाळवून कचऱ्यात द्या. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे शोभेचं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळलं आणि पुढे मैलोगणती पसरलं, ते मत्स्यालयातूनच.

## टप्पा ४: आवक कमी करा

डायनो असतील तर हा टप्पा वगळा आणि थेट टप्पा ७ वाचा. ही ओळ पुन्हा एकदा वाचा.

गोठवलेलं अन्न वितळवून गाळा आणि ते पाणी फेका. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच घाला. त्यांना उपाशी मात्र ठेवू नका, शेवाळ खाणारे मासेच आधी खंगतात. सॉक दर दोन-तीन दिवसांनी बदला. महिनाभर तसाच राहिलेला सॉक घाण अडवत नाही, कुजवतो. पिचकारीने खडकांच्या खाचांत फवारा मारा आणि सम्पच्या (मुख्य टाकीखालच्या फिल्टर-टाकीच्या) तळाचा गाळ ओढून काढा. सम्पचा तळ कुणी बघतच नाही.

पाणी बदलून सगळं निस्तरेल ही अपेक्षा गणितात बसत नाही. नायट्रेट ४० असेल आणि १० टक्के पाणी बदललं तर ते ३६ होतं, आणि आठवड्याच्या खाण्याने परत ४०. फॉस्फेटचं तर आणखी अवघड. खडक आणि वाळू हे कॅल्शियम कार्बोनेट आहे, फॉस्फेट त्याला चिकटतं. पाण्यातलं कमी झालं की खडकातलं हळूहळू सुटतं. म्हणून पाणी बदलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा तिथेच दिसतो आणि माणूस किटला शिव्या देतो.

फॉस्फेट ०.१५च्या वर टिकून असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावा. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. आधी तांबूस पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. रिअॅक्टरमध्ये (ज्या नळकांड्यातून पाणी या दाण्यांवरून फिरतं) कण जागच्या जागी जेमतेम हलले पाहिजेत, उकळ्या फुटल्यासारखे नको. दर दोन-तीन दिवसांनी मोजा. ०.३० वरून ०.०५ ला यायला महिना-दीड महिना लागू द्या. फॉस्फेट एका फटक्यात खाली आलं तर अॅक्रोपोरासारखे प्रवाळ रंग सोडतात, मांस सोडतात. अल्कलिनिटी या काळात ८-९ डीकेएचवर (हे तिचं एकक) स्थिर ठेवा.

सम्पमध्ये जागा असेल तर केटोमॉर्फाचा (पोषणद्रव्यं शोषायला मुद्दाम वाढवायच्या शेवाळाचा) गोळा लावा आणि त्याचे दिवे रात्री, मुख्य दिवे बंद असताना चालवा. दर पंधरवड्याला निम्मा कापून टाका. न कापता वाढवत नेलेला गोळा आतून कुजतो. व्होडका किंवा व्हिनेगरचा डोस नायट्रेट उतरवतो हे खरं, पण टाकीत सायनो असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

तपासणी: दोन आठवड्यांनी नायट्रेट २च्या खाली किंवा फॉस्फेट ०.०२च्या खाली गेलं असेल तर जीएफओ काढा. शून्य हे ध्येय नाही. शून्यावर शेवाळ जातं आणि डायनो येतात, आणि मग हेच केस बरे होते असं वाटायला लागतं.

## टप्पा ५: दिवे आणि प्रवाह

पूर्ण तीव्रतेचे तास आठपर्यंत आणा, पांढरा आणि लाल प्रकाश थोडा कमी करा, निळा राहू द्या. दिवे एकदम निम्मे करू नका, प्रवाळांनाही जेवायचंय. वेव्हमेकरची दिशा अशी बदला की खडकांच्या मागे आणि वाळूच्या कोपऱ्यात गाळ बसणार नाही. सायनो नेहमी त्याच एका कोपऱ्यात येत असतील तर तिथला प्रवाह आधी सुधारा.

## टप्पा ६: शेवाळ खाणारे

गोगलगायी आधी आणून उपयोग होत नाही, कारण त्या लांब केस खात नाहीत. खुरटलेलं, नुकतं उगवणारं शेवाळ खातात. म्हणून टप्पा ३ची एक फेरी झाल्यावरच आणा.

ट्रोकस माझ्या मते सर्वांत भरवशाच्या, उलट्या पडल्या तरी सरळ होतात. अॅस्ट्रिया चांगल्या खातात पण उलट्या पडल्या की बहुधा तिथेच मरतात. टर्बो राक्षसासारख्या खातात आणि चिकटवलेले नसतील ते सगळे फ्रॅग पाडतात. नॅसेरियस वाळूतलं कुजकं खातात, शेवाळ नाही, तरी शेवाळासाठी म्हणून त्याच विकल्या जातात. टक्सिडो अर्चिन उत्तम, मात्र कोरलाइनही खरवडतो. एमराल्ड खेकडा व्हॅलोनियासाठी, पण पोट भरलं नाही तर प्रवाळांकडे वळू शकतो. टँग मासा छोट्या टाकीत आणू नका, शेवाळ कितीही असो.

१०० लिटरला चार-पाच गोगलगायींनी सुरुवात पुरे. क्षारतेतला फरक त्यांना सोसत नाही, त्यामुळे थेंब-थेंब पाणी देत तासभर सवय लावा. सी-हेअर (शेवाळ खाणारी मोठी समुद्री गोगलगाय) आणत असाल तर लक्षात ठेवा: केस संपले की तो उपाशी मरतो आणि काही जाती डिवचल्यावर विषारी शाई सोडतात. काम झालं की ज्याच्याकडे केस आहेत अशा दुसऱ्या टाकीत त्याची रवानगी करा.

## टप्पा ७: औषध, आणि डायनोचा उलटा रस्ता

ब्रायोप्सिस. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं. कार्बन (शोषक कोळसा) आणि जीएफओ काढा, यूव्ही दिवा बंद, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढून तो फक्त हवेसाठी चालवा. मात्रा रीफसाठीच्या पाकिटावर टाकीच्या खऱ्या पाण्यानुसार दिलेली असते, त्यात खडक आणि वाळूची जागा वजा करा. पहिला आठवडा काहीच होत नाही. तिथेच लोक दुसरा डोस ओततात. ओतू नका. रंग फिका पडायला लागला की मरतं शेवाळ नळीने ओढत राहा, नाहीतर त्याचं सगळं पोषण पाण्यात उतरेल.

सायनो. आधी तीन आठवडे ओढून काढा आणि प्रवाह सुधारा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर सायनो मारणारी भुकटी, मोजून, आणि हवेचा दगड चोवीस तास चालू ठेवून. मरणाऱ्या जिवाणूंमुळे पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आणि रात्री मासे दगावतात. ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला.

डायनो. इथे वरचं जवळपास सगळं उलट करायचं. जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, खाणं वाढवा. तरी आकडे वर येत नसतील तर नायट्रेट आणि फॉस्फेटचे तयार द्राव रोज थोडे घाला आणि नायट्रेट ५-१०, फॉस्फेट ०.०५-०.१० वर आणून टिकवा. दुसऱ्या शेवाळाला आणि जिवाणूंना जागा मिळाली की डायनो मागे हटतात. ऑस्ट्रिओप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात उतरतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही चांगला चालतो. सोबत तीन दिवस टाकी झाकून पूर्ण अंधार ठेवता येतो. विष शोषायला ताजा कार्बन लावा. अँफिडिनियम मात्र वाळू सोडत नाहीत, तिथे यूव्हीचा उपयोग नाही. थोडं सिलिकेट घालून डायटमना मुद्दाम वाढवणं हा त्यावरचा रस्ता. डायनो असेपर्यंत नव्या गोगलगायी आणू नका.

## टप्पा ८: शेवाळ ओसरल्यावर

केस विरळ झाले की नायट्रेट आणि फॉस्फेटचे आकडे चढतात. घाबरायचं कारण नाही. ते खाणारं शेवाळ गेलं, एवढाच त्याचा अर्थ. जीएफओची मात्रा किंचित वाढवा किंवा केटोमॉर्फाला आणखी एक तास प्रकाश द्या, दोन्ही एकदम नको. दर रविवारी एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही, फोटोला कळतो.

तीन महिन्यांनंतरही एकाच खडकावर शेवाळ येत असेल आणि बाकी टाकी स्वच्छ असेल तर तो खडक फॉस्फेटने भरलेला आहे. तो वेगळ्या डब्यात खाऱ्या पाण्यात, अंधारात, पंप लावून काही आठवडे ठेवा. पाण्यातलं फॉस्फेट मोजत राहा आणि चढलं की पाणी बदला. बदलल्यावरही आकडा वर येईनासा झाला की खडक टाकीत घ्या.

आणि नवा फ्रॅग आणलात तर त्याचा प्लग टाकीत नेऊ नका. ब्रायोप्सिस आणि व्हॅलोनिया बहुतेक वेळा प्लगच्या खालच्या बाजूला बसून येतात. प्रवाळ प्लगवरून कापून सोडवा, औषधी पाण्यात बुडवून काढा, नव्या स्वच्छ प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग थेट कचऱ्यात.